माश्यांच्या डबीवरचे वार

भाऊजींची डबी ताईने माझ्या हातात ठेवली तेव्हा तिच्यात पाच कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने एक अक्षर काढलेलं होतं. सो, मं, बु, गु, श. मला ती वाचायला क्षणही लागला नाही.

कागदाच्या गिरणीत मी चौतीस वर्षं रिळं चढवली. सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मला स्वतःच्या दारावरचं नाव वाचता येत नव्हतं. पण फाटकाशेजारी पाळ्यांचा फळा होता आणि त्यावर सात वारांची सात अक्षरं होती. तेवढी पाठ होती, नाहीतर चुकीच्या दिवशी कामावर गेलो असतो. बाकीची अक्षरं पुढे संध्याकाळच्या वर्गात शिकलो, पण ही सात माझी जुनी ओळखीची. डबीवर ती दिसली आणि बरं वाटलं. म्हटलं, भाऊजींनी काम सोपं करून ठेवलंय.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. तेही आमच्याच गिरणीत, यंत्रावर. सुटीच्या वेळात ते लांब काठी घेऊन नदीत उभे राहायचे आणि माशीने मासे धरायचे. माशी म्हणजे खरी नव्हे. बारीक गळावर पीस आणि दोरा गुंडाळून केलेली, पाण्यात पडली की माशाला खरी वाटेल अशी. डबीतल्या सगळ्या त्यांनीच बांधलेल्या. डबी माझ्याकडे यायच्या तीन महिने आधी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डाव्या हाताने लिहायला दिलं तर कागदावर नुसत्या रेघा यायच्या.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येत. त्या ताईला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "त्यांना कळतं सगळं. पण ते प्रयत्नच करत नाहीत. पहिले सहा महिने फार महत्त्वाचे असतात. असेच भिंतीकडे तोंड करून पडले तर पुढे कठीण होईल."

म्हणून ताईने डबी आणि काठी मला दिली. "बापू, तू नदीवर जा. आणि येऊन यांना सांग काय केलंस ते. यांना राहवणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुका काढल्याशिवाय यांना जेवण गेलेलं नाही."

"अगं, पण मला यातलं काही येत नाही."

"तेच तर हवंय."

सोमवारी गेलो. सो लिहिलेल्या कप्प्यातून एक जाडजूड, केसाळ माशी काढली आणि बांधली. काठी मागे नेली, पुढे आणली. दोर माझ्याच मानेभोवती आला. या प्रकारात माशीला वजन नसतं, दोराला असतं. दोर मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे टाकायचा, हे मला पुढे आठवड्याभराने कळलं. त्या दिवशी मी झुडपं, टोपी आणि उजवा कान एवढं धरलं.

मंगळवारी मं. बुधवारी बु, ती तर टाकल्या टाकल्या तळाला गेली. मला वाटलं, भिजून खराब झाली. गुरुवारी गु, पिटुकली, डाळीच्या दाण्याएवढी. शनिवारी श, मळकट तपकिरी, कशासारखीच न दिसणारी. शुक्रवार आणि रविवार नव्हते, त्याचंही कारण मी शोधून काढलं. शुक्रवारी यंत्रं धुवायची असत आणि भाऊजींना उशीर व्हायचा. रविवारी ताई सोडत नसणार. सगळं कसं बरोबर जुळत होतं. एवढंच कळत नव्हतं की नदीतल्या माशांना वार कोण सांगतं.

हे मी भाऊजींनाच विचारलं. पलंगाशेजारी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "भाऊजी, आज गुरुवार, म्हणून गु काढली. कंबरभर पाण्यात उभा राहिलो दोन तास. एकानेही विचारलं नाही."

भाऊजींनी मान वळवली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गिरणीला आग लावून आलोय. मग डाव्या हाताने स्वतःच्या गुडघ्यावर फाडकन चापट मारली. एकदा, दोनदा, तीनदा.

ताई धावत आली. "गुडघा दुखतोय का हो? पडून पडून आखडला असेल." तिने मलम आणलं आणि चोळायला लागली. भाऊजींनी डोळे मिटले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

पुढच्या गुरुवारी तेच. "गु," असं मी म्हणायचा अवकाश, हात गुडघ्यावर. ताईचं मलम तयारच होतं. त्या आठवड्यात मलमाच्या दोन नळ्या संपल्या. मी बाईंना विचारलं, "वाराचा आणि गुडघ्याचा काही संबंध असतो का?" बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. बहुतेक तपासायचं कुणाला, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

गोंधळात भर म्हणजे शनिवारी मला मासा लागला. वीतभर, ठिपक्यांचा. श कप्प्यातल्या त्या मळकट माशीला. पुढच्या शनिवारी आणखी एक. मी भाऊजींना म्हणालो, "शनिवार चांगला दिसतो तुमच्या नदीला." त्यांच्या घशातून एक आवाज आला. हसणं होतं की चिडणं, मला नाही कळलं. ताई म्हणाली हसले. बाई म्हणाल्या, "काहीही असो, आवाज आला. यांना नदीवर न्या."

नेलं. गुरुवार होता. चाकांची खुर्ची काठापर्यंत ढकलताना ताईची आणि माझी दमछाक झाली. चाकं वाळूत रुतत होती आणि भाऊजी डोळे मिटून बसले होते. पाण्याचा आवाज ऐकल्यावर त्यांनी ते उघडले.

मी नेहमीसारखा कंबरभर पाण्यात जाऊन उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "आज गुरुवार, भाऊजी. गु काढतोय."

"गु… गु…" भाऊजी म्हणाले.

चार महिन्यांत पहिला धड आवाज. ताईने तोंडावर हात घेतला. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "अगंबाई! बापू, यांना संडासला जायचंय वाटतं. इथे कुठे नेऊ मी आता?"

"नाही गं, वार सांगताहेत. हो भाऊजी, गुरुवारच आहे."

"गु… ड… घा!"

आणि चापट. ताईने पिशवीत हात घातला, मलम बाहेर आलं. भाऊजींनी ते तिच्या हातातून उडवलं, ते वाळूत पडलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ओठ वेडेवाकडे होत होते. त्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं आणि आम्ही दोघं त्याच्यापुढे ठोंब्यासारखे उभे होतो.

"पा… णी."

"पाणी! पाणी म्हणाले!" ताई रडायलाच लागली. बाटली उघडून तिने त्यांच्या ओठांना लावली. भाऊजींनी ती डाव्या हातात घेतली, प्यायले नाहीत. वाकडी केली आणि सगळी स्वतःच्या गुडघ्यावर ओतली.

"अहो, हे काय करताय! कोरडं आणलेलं नाही मी काही."

भाऊजी तिच्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या कंबरेकडे, जिथपर्यंत मी पाण्यात होतो.

मीही खाली पाहिलं. हातातली डाळीएवढी माशी पाहिली. त्यांचा ओला गुडघा पाहिला. आणि इतक्या आठवड्यांचं ते एक अक्षर डोक्यात हळूच उलटं फिरलं.

"गुडघाभर पाणी?" मी म्हणालो. "भाऊजी, गु म्हणजे गुडघाभर पाण्यातली?"

भाऊजींचं डोकं मागे टेकलं. हात खाली पडला. दिवसभर भिंत ढकलून ती शेवटी हलली तर माणूस जसा बसेल, तसे ते बसले.

मी उथळ पाण्यात आलो, जिथे गोटे दिसतात. दोर मागे टाकला, थांबलो, पुढे सोडला. ती पिटुकली पाण्यावर तरंगत चालली आणि एका गोट्यामागून काहीतरी वर आलं आणि तिला घेऊन गेलं. मी त्या वेळी इतर चार अक्षरांचा विचार करत होतो. हिसका द्यायचा राहून गेला.

"गाढवा!" काठावरून आवाज आला. अगदी स्पष्ट.

ताई म्हणाली, "बापू, तुला म्हणताहेत." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. बाई येतात, मी डबी घेऊन बसतो. सो विचारलं तर भाऊजींनी गाल फुगवून फुंकर मारली. तिसऱ्या दिवशी शब्द आला, सोसाटा. वारा सुटला असेल तेव्हाची माशी, म्हणून जाडजूड. बु म्हणजे बुडती, तळाशी जाणारी. ती खराब झाली नव्हती, तिचं कामच ते होतं. श ला त्यांनी खांदे उडवले आणि पंजा उताणा केला. मी म्हटलं, शनिवार? त्यांनी नाही अशी मान हलवली आणि दोन दिवस झगडून म्हणाले, "शं… का." श वरचं टिंब कधीच घासून गेलं होतं. काहीच कळत नसेल तेव्हा बांधायची माशी. मासे मला तिच्यावरच मिळाले होते, याचं आता मला आश्चर्य वाटत नाही.

राहिलं मं. मी म्हटलं, मंद पाणी? नाही. मंडूक? बेडकासारखी दिसते म्हणून? नाही. त्यांचे ओठ मं पाशी येऊन अडत. ताई म्हणाली, "विसरलेही असतील. नको छळूस." पण ते सोडायला तयार नव्हते. सकाळी उठल्यापासून मं, मं. भिंतीकडे आता पाठ असते.

सहावा महिना संपायला चार दिवस असताना मी पुन्हा डबी उघडली. "भाऊजी, मं?"

त्यांनी बराच वेळ कप्प्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलले.

"मंगळवार… समज… तू."

बाईंनी टाळी वाजवली. तीन शब्द एका ओळीत, असं त्यांनी वहीत लिहिलं. ताई चहा ठेवायला गेली.

भाऊजी खोटं बोलत होते की खरं, माझी थट्टा होती की त्यांना खरंच आठवत नव्हतं, की हा एक कप्पा मुळात वाराचाच होता, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर डोळे बारीक करतात. उद्या मंगळवार आहे. मी मं घेऊन चाललोय. किती खोल पाण्यात उभं राहायचं, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही.