परतीची फेरी

रकाना १. वाहन क्रमांक.

पाठ असलेला नंबर तिने लिहिला आणि विम्याच्या अर्जावरचं शिवणयंत्राचं चाक बाजूला सरकवलं. चाक लोखंडी, काळं, एक आरा तुटलेला. सकाळपासून ते टेबलावर होतं, कागद उडू नयेत म्हणून ठेवल्यासारखं.

दाराशी ड्रायव्हर उभा होता, डावा हात गळ्यातल्या पट्टीत. तो वडिलांच्या वेळचा. बाबा गेले तेव्हा दोन ट्रक आणि मी, असे तीन नग ताईच्या वाट्याला आले, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

"बसा ना काका."

"बसलं की उठताना दुखतं. उभाच बरा."

रकाना २. अपघात कसा झाला, थोडक्यात.

"लिहा, मोटारसायकलवाला आडवा आला. त्याला वाचवलं. गाडी नाल्यात कलंडली."

"इतकंही थोडक्यात नको."

"मग लिहा, चांगली कलंडली."

तिला हसू आलं. मग तिने वळण, वेळ, ब्रेकच्या खुणा असं सगळं रीतसर लिहिलं. रकाना ३ ते ६ मध्ये अवघड काही नव्हतं. लायसन्स चालू होतं, पोलिसांत नोंद झाली होती, कुणी जखमी नव्हतं. "मी सोडून," ड्रायव्हर म्हणाला.

रकाना ७. अपघाताच्या वेळी गाडीत माल होता काय? असल्यास तपशील.

तिने पेन उचललं आणि आठवर गेली.

अर्जात नसलेला रकाना. विमा एजंट सकाळी फोनवर काय म्हणाला.

"ताई, नीट ऐका. गाडीचा विमा वेगळा, मालाचा वेगळा. दोन्ही तुमच्याकडे आहेत. गाडी रिकामी होती म्हणालात, तर सर्व्हेअर चार वाजता येईल, फोटो काढेल, महिन्याभरात गाडी रस्त्यावर. माल होता म्हणालात, तर पहिला प्रश्न, पावती कुठाय? पावती नाही म्हटलं की दोन्ही दावे लटकले. सहा महिने कुठे गेले नाहीत. नामंजूरसुद्धा होतील."

"आणि जिचं सामान होतं तिला?"

"रिकाम्या गाडीतल्या सामानाचं कोण काय देणार, ताई?"

रकाना ८. वाहन सध्या कुठे आहे?

खिडकीतून दिसत होतं. आवारात, एका बाजूने चेपलेलं. दुसरा ट्रक कामावर गेला होता. एकट्या ट्रकवर सहा महिने म्हणजे कायमची गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार, हे तिला कुणी समजावण्याची गरज नव्हती.

"ती बाई काय म्हणाली?" तिने विचारलं.

"रिकामीच लिहा म्हणाली. फुकट आणत होतात, वर तुमचीच गाडी अडकवू का, म्हणाली." ड्रायव्हर चाकाकडे बघत होता. "सामान तिथल्या तिथे टेंपोत भरून दिलं तिला. म्हणजे जे उरलं ते. हे चाक मागे हौद्याच्या फळीत अडकलेलं सापडलं नंतर."

माल पोचवून येणारी गाडी मोकळी आणायची नाही, ही बाबांची रीत. वाटेत कुणाला बिऱ्हाड हलवायचं असेल तर ते घालून घ्यायचं. भाडं नाही, त्यामुळे पावतीही नाही. वहीत परतीच्या फेरीपुढे एकच शब्द, रिकामी. ती शिवणकाम करणारी बाई अशीच दुकान गुंडाळून बहिणीच्या गावी निघाली होती.

रकाना ९. वाहन खरेदीची तारीख.

तारीख आठवेना. तिने कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. बाबांचं अक्षर, सरळ, शाई जरा फिकट झालेली. गाडी आली तो दिवस पहिल्याच पानावर होता. तो उतरवून घेऊन वही मिटायची होती. पण तिने पान उलटलं. मग आणखी तीन.

बोट एका ओळीवर थांबलं. जाताना, सिमेंट. परत, रिकामी.

ती तारीख तिला वही न बघताही सांगता आली असती.

"काका, या फेरीला गाडीवर तुम्हीच होतात ना?"

ड्रायव्हर पुढे आला, वाकला. ओठ हलवत तारीख वाचली. मग सावकाश खुर्ची ओढून बसला.

"हो."

"मागे काय होतं?"

"ताई, कशाला आता."

"सांगा."

"लोखंडी कपाट. दोन पेट्या. पुस्तकांची खोकी, चार का पाच. आणि एक खुर्ची, तिचा पाय मी दोरीने बांधला होता. पुढे तुम्ही. सासरच्या दारापासून इथल्या फाटकापर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मी दोनदा चहाला थांबवली गाडी, तर उतरलासुद्धा नाहीत."

"बाबांनी रिकामी लिहिलं."

"तशी रीतच होती. पण त्यांना वाटलंही असेल, उद्या कुणी वही चाळली तर तुमच्या नावाने चर्चा नको."

तिने मान हलवली. वही मिटली नाही, तशीच उघडी ठेवली, आणि चाक उचलून तिच्यावर ठेवलं. मग अर्ज समोर ओढला.

"यंत्र हाताचं होतं की पायाचं?"

"ताई, गाडी आवारातच उभी राहील. चार वाजता तो माणूस येतोय."

"म्हणूनच विचारतेय. हाताचं की पायाचं?"

ड्रायव्हरने बरा हात तोंडावरून फिरवला.

"पायाचं. मोटर नंतर बसवलेली."

"आणखी?"

"कापायचं टेबल. आरसा, माणसाच्या उंचीचा. लोकांनी नेलेच नाहीत असे शिवलेले कपडे, दोन बोचकी."

रकाना ७ ला दोनच ओळी होत्या. त्या भरल्यावर तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पहिल्यापासून आकडे घातले.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "आरशाला चौकट कसली होती?"