कुणालाही द्या, पण द्या

सिस्टर संस्थेच्या खोलीत बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. दिवसभर कालव्याकाठच्या वस्तीत दारोदार हिंडून टाचा ठणकत होत्या, आणि टेबलावर दुमडायची पत्रकं तशीच पडून होती. तेवढ्यात वकीलबाई आल्या, दार लोटून घेतलं आणि दाराशीच थांबून म्हणाल्या, "मी उभी राहतेय."

"मग बस की," सिस्टर म्हणाल्या. "ती खुर्ची डुगडुगते, दुसरी घे."

"अगं, निवडणुकीला!"

सिस्टरांनी पाय बादलीतून काढले नाहीत. पाणी केव्हाच गार झालं होतं. पण पाय काढले की उठावं लागेल आणि उठलं की काहीतरी बोलावं लागेल, असं त्यांना वाटलं.

दोघींची ओळख इस्पितळातली. सिस्टर तेव्हा भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात नोकरीला होत्या. रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला, वस्तीतले कामगार भाजले, आणि त्यांच्या जबान्या घ्यायला एक किडकिडीत, नवशिकी वकील आली. तीच ही वकीलबाई. रोग्यांना बघायला एकही पुढारी फिरकला नाही. एका पुढाऱ्याचा माणूस तेवढा आला आणि वॉर्डाच्या दारातूनच म्हणाला, "अहो, ती वस्ती मतदानाला बाहेरच पडत नाही. साहेबांनी यायचं कशाला?" त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगून तो निघून गेला.

त्या एका वाक्यातून संस्था निघाली. लोकांची नावं मतदार यादीत घालायची, मतदानाच्या दिवशी त्यांना घराबाहेर काढायचं आणि वस्तीवर कुणी हात टाकला तर कोर्टात उभं राहायचं. यादी आणि दारं सिस्टरांकडे, कोर्ट वकीलबाईंकडे. नियम एकच होता: आपण कुणाच्याच बाजूचे नाही. सिस्टर प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणत, "मत कुणालाही द्या, पण द्या." पुढे त्यांनी इस्पितळाची नोकरीही सोडली. नवरा म्हणाला, "घरात बसून कंटाळशील म्हणून लष्कराच्या भाकऱ्या भाजणार होय?" पण तो अडवणाऱ्यातला नव्हता.

आता इतक्या वर्षांनी सिस्टरांनी मनाशी ठरवलं होतं, ही निवडणूक शेवटची. दूरच्या शहरातली लेक बाळंत होऊन सहा महिने होत आले होते. ती फोनवर रोज म्हणायची, "आई, कधी येतेस? त्याला दात यायला लागले." सिस्टर म्हणायच्या, "एवढी निवडणूक होऊ दे."

"आपलं ठरलं होतं," सिस्टर अखेर म्हणाल्या.

"ठरलं होतं तेव्हा माझे केस काळे होते." वकीलबाई टेबलाच्या कडेला टेकल्या. "साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून माझं आयुष्य गेलं. अर्ज द्यायचा, हात जोडायचे, 'बघतो' ऐकून परत यायचं. एकदा मला आत बसून बघू दे की!"

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोक मला ओळखतात."

"लोक मला ओळखतात," सिस्टर म्हणाल्या. "तुला फक्त कोर्टात बघतात."

बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. वकीलबाईंनी ड्रॉवरमधला आपला चष्मा घेतला, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि राजीनामा उद्या पाठवते म्हणून सांगितलं. पत्रकं त्या दिवशी दुमडली गेलीच नाहीत.

संस्थेत तिसरा माणूस होता, त्याला सगळे दाढी म्हणत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, फलक रंगवणारा, आणि सगळ्यांशी गोड. तो दोन दिवसांनी आला आणि आपले ब्रश गोळा करू लागला.

"सिस्टर, तुमचं म्हणणं मला पटतं," तो खाली मान घालून म्हणाला. "पण ती एकटी पडलीये. तिच्याबरोबर कुणीतरी जायला हवं ना?"

"जा," सिस्टर म्हणाल्या. "आणि तिला वेळेवर जेवायला लाव. ती विसरते."

त्यानंतर त्या एकट्याच वस्तीत जाऊ लागल्या. वस्ती तशी ओळखीची, गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकत नसत. पण आता दारं पूर्ण उघडेनात. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीनवरून पाय न काढताच ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "तरीच! म्हटलं एवढा पुळका कशाचा. इतकी वर्षं नांगरणी चालली होती तर. आता पेरायला आलात."

"मी कुणासाठी मागायला आले नाही."

"त्या उभ्या आहेत, तुम्ही फिरताय. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

सिस्टरांनी समजावलं. शिंप्याने मशीन सुरू केलं. पुढच्या दारातही तेच, त्याच्या पुढच्या दारातही तेच. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी घरी येऊन त्या चपलांसकट पलंगावर आडव्या झाल्या. नवऱ्याने चपला काढून घेतल्या.

"सोडून दे," तो म्हणाला. "तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही."

"तेच बघायला जातेय रोज."

"आणि काय दिसतंय?"

"अडत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

मतदान आठवड्यावर आलं तेव्हा वकीलबाई स्वतः खोलीवर आल्या. प्रचार करून घसा बसला होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांच्या विरोधात एक रस्त्यांचा ठेकेदार उभा होता. त्याने वस्तीत पाण्याचे टँकर आणून उभे केले होते आणि घराघरात नळ देण्याचं कबूल केलं होतं.

"एक संध्याकाळ माझ्याबरोबर वस्तीत चल," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस. नुसती शेजारी राहा."

"मी शेजारी राहिले की बोलल्यासारखंच आहे."

"मी काय चोरी करायला निघालेय का गं? मला तुझ्याइतकं कोण ओळखतं? तूच नाही म्हणालीस तर त्यांनी हो कसं म्हणावं?"

सिस्टरांना उठून तिचा हात धरावा असं फार वाटलं. त्या तिच्या लग्नात रडल्या होत्या, तिच्या घटस्फोटात तिच्या घरी राहिल्या होत्या. पण शिंप्याचं ते 'तरीच' कानात बसलं होतं. आज हिच्याबरोबर गेले तर तो शिंपी कायमचा खरा ठरेल.

"नाही," त्या म्हणाल्या. "चहा घेतेस?"

वकीलबाई चहा न घेताच गेल्या.

कालव्याच्या कडेच्या काही घरांना पाडकामाच्या नोटिसा आधीच आल्या होत्या. मतदानाच्या दिवशी सकाळीच वस्तीत आवई उठली. ज्यांच्या घरांना पाडकामाच्या नोटिसा आल्यात, त्यांचं मत घेणार नाहीत. उलट गेलात तर तिथेच सही घेऊन घर खाली करायला लावतील. कुणी उठवली कळेना, पण गल्ल्या चिडीचूप झाल्या. सिस्टर घसा फुटेस्तोवर सांगत फिरल्या. "नोटिशीचा आणि मताचा काही संबंध नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्याबरोबर चला, मी पुढे राहते." लोक खिडकीतून बघत राहिले.

पहिल्यांदा बाहेर आल्या त्या इस्त्रीवाल्या मावशी. जन्मभर उभं राहून कपड्यांना इस्त्री केल्याने त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. दाराला धरून त्या म्हणाल्या, "मी येते. पण मला चालवत न्यावं लागेल. आणि आधीच सांगते हां, माझं मत तुझ्या मैत्रिणीला नाही."

"मला सांगू नका, मावशी. हात द्या."

"नंतर म्हणशील फसवलं."

"हात द्या म्हणते ना."

मावशी निघाल्या म्हणून शेजारीण निघाली, शेजारीण निघाली म्हणून तिचा नवरा. शाळेतल्या मतदान केंद्रापर्यंतचा रस्ता सरळ होता, पण मावशींना घेऊन तो संपता संपेना. प्रत्येक झाडाखाली थांबा. मागे लोक वाढत गेले. शेवटी तो शिंपीही आला, सिस्टरांकडे न बघता. आणि त्यांच्यातले बरेच जण उघडउघड ठेकेदाराच्या नळाविषयी बोलत चालले होते. कोणता नळ आधी येणार, कोणाच्या दारात येणार. सिस्टर ऐकत होत्या आणि मावशींचं वजन खांद्यावर तोलत होत्या.

शाळेच्या फाटकापासून नियमाइतकं अंतर सोडून उमेदवारांची माणसं बसली होती. तिथे एका खुर्चीवर वकीलबाई होत्या, मागे दाढी छत्री धरून. वकीलबाईंनी ती सगळी वरात येताना पाहिली. सिस्टरांशी त्यांची नजरानजर झाली. सिस्टरांनी मान खाली घातली नाही, हसल्याही नाहीत. मावशींना पायरी चढवायची होती.

वकीलबाई पडल्या. सपशेल पडल्या. ठेकेदार निवडून आला. कालव्याकाठच्या वस्तीत तर त्यांना मोजकीच मतं मिळाली. आणि त्या वस्तीत पूर्वी कधी झालं नव्हतं एवढं मतदान झालं. एका वार्ताहराने सिस्टरांना फोन करून विचारलं, "हे संस्थेचं यश म्हणायचं ना?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला हवं ते म्हणा," आणि फोन ठेवला. मग त्यांनी लेकीला फोन लावला आणि येते म्हणून सांगितलं.

आवराआवरीत महिना गेला, आणि त्या बॅग भरत असतानाच मावशींचा नातू सांगायला आला. नळ आले नव्हते. कालव्याच्या कडेने रस्ता रुंद करायचा होता, काम त्याच ठेकेदाराच्या भावाला मिळालं होतं, आणि घरं रिकामी करायची नवी मुदत दारादारांवर चिकटवून गेले होते.

सिस्टर बॅगेजवळच खाली बसल्या. हे काम त्यांचं नव्हतं, कोर्टाचं होतं. आणि कोर्ट म्हणजे वकीलबाई. निकालापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याने न विचारताच बॅग उचलून पलंगाखाली सरकवली.

वकीलबाईंच्या ऑफिसात मावशींना जिना चढवताना सिस्टरांना स्वतःलाच धाप लागली. आत दाढी कागद लावत बसला होता. वकीलबाईंनी वर बघितलं आणि त्या म्हणाल्या, "बसा."

मावशी बसता बसताच म्हणाल्या, "आमची केस घे, बाई."

"मला मत द्यायला लाज वाटली, केस द्यायला नाही वाटत?" वकीलबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मावशींना त्यात लागण्यासारखं काही दिसलं नाही. "अगं, तू निवडून गेली असतीस तर आमची केस कुणी लढवली असती?" त्या म्हणाल्या. "तिकडे खुर्चीत बसायला पुष्कळ जण आहेत. कोर्टात आम्हाला तू एकटीच आहेस. घरात बसून आम्ही सगळ्यांनी हाच विचार केला."

खरंच सगळ्यांनी हाच विचार केला होता, की नळाचा केला होता आणि हा मागाहून सुचला, हे सिस्टरांना कधीच कळलं नाही. वकीलबाई हसल्या, पण ते हसू फार थकलेलं होतं. "हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझा घसा तरी वाचला असता," त्या म्हणाल्या आणि वकीलपत्र पुढे केलं. "अंगठा की सही?"

"सही," मावशी फणकाऱ्याने म्हणाल्या.

दाढी मावशींना खाली सोडायला गेला. खोलीत दोघीच उरल्या.

"त्या दिवशी तू त्यांना हात धरून आणलंस," वकीलबाई म्हणाल्या. "माहीत असून."

"हो."

"मला फार राग आला होता. अजून गेलेला नाही."

"नाही जायचा लगेच," सिस्टर म्हणाल्या. "मलाही तुझा आलाय. तू मला एकटीला टाकून गेलीस."

वकीलबाईंनी नोटीस समोर ओढली. सकाळी कोर्ट उघडताच स्थगिती मागायची होती, आणि वस्तीत कोण किती वर्षं राहतंय ते सांगायला सिस्टर हव्या होत्या. त्या एकेक घर विचारत गेल्या, सिस्टर सांगत गेल्या. शिंप्याचं घर आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या बापापासून आहे ते," आणि वकीलबाईंनी लिहून घेतलं. पूर्वी असं काम करताना दोघी मधेच कुणाची तरी नक्कल करून हसायच्या. आज तसं काही झालं नाही. पुढे स्थगिती मिळाली, केस लांबत गेली, लेकीकडे जाणंही लांबत गेलं, पण तसं हसणं दोघींत पुन्हा फारसं आलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र शेवटची काही घरं राहिली असताना सिस्टरांचं उत्तर येईना. वकीलबाईंनी मान वर केली. सिस्टर बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. वकीलबाईंनी त्यांना हाक मारली नाही. पंखा थोडा हळू केला, दाढी जिन्याने वर येत होता त्याला खुणेनेच गप्प केलं आणि जेवढं आपल्याला माहीत होतं तेवढं लिहायला घेतलं.