माझी कल्हई आणि कालिंदीचा हात

या मुलांनो, असे जवळ सरकून बसा. बुवा अजून उपरणं सावरताहेत, पेटीवाला सूर शोधतो आहे. हरिकथा सुरू होईपर्यंत एक लहानशी कथा माझीही ऐका. ऐकून उठाल तेव्हा मन भरलेलं असेल, एवढं वचन देतो.

मी एक जुना पितळी गंज आहे. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे हं! आमच्या नागपूरकडच्या घरांत खोल, उभट पातेल्याला गंज म्हणतात. जन्म मात्र माझा काशीचाच. ठठेरी बाजारातल्या एका कारागिरानं ठोके देऊन देऊन मला घडवलं. त्या ठोक्यांच्या चांदण्या अजून माझ्या अंगावर आहेत.

मित्रांनो, काशीत येऊन राहिलेल्या नागपूरच्या सुरेखाबाईंनी मला आपल्या लेकराच्या मुंजीसाठी विकत घेतलं. आपल्यात भांडं दिलं की त्यावर नाव घालतात. माझ्या काठावरही टिंबाटिंबांनी मुलाचं नाव घातलं, आणि शेजारी ‘आईकडून’. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. जिला ते दिलं होतं, तिला ते कधी आपलं वाटलंच नाही. सगळे तिला मुलगा समजत. आपण मुलगी आहोत, हे तिला मुंजीआधीपासून ठाऊक होतं. मोठी झाल्यावर तिनं ते घरात सांगितलं आणि स्वतःचं नाव ठेवलं, कालिंदी. वडील म्हणाले, “या घरात हे चालायचं नाही.” ती निघाली तेव्हा सुरेखाबाईंनी मागच्या दारी मला तिच्या हातात दिलं. “रिकाम्या हातानं नको जाऊस गं,” एवढंच बोलल्या. त्या ‘गं’ साठी कालिंदी गल्लीच्या वळणापर्यंत रडत गेली.

मुन्शी घाटामागे एका खोलीत तिनं खानावळ काढली. देशाकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले यात्रेकरू काशीला आले, की चार दिवसांत त्यांचा जीव आमटीभातासाठी कासावीस होतो. यज्ञेश्वर गुरुजी दशाश्वमेधावर त्यांची धर्मकृत्यं करून द्यायचे आणि जेवायला आमच्याकडे धाडायचे. दोन वर्षं चूल थंड झाली नाही. मी फुगून गेलो होतो अगदी!

पण मुलांनो, पितळेला आतून कल्हई लागते. कथलाचा पांढरा लेप असतो तो. तो झिजला की आंबट पदार्थ कळकतो, कडवट होतो. माझी कल्हई केव्हाच झिजली होती. मला तोंड नाही, मी सांगू कसा?

एके दिवशी तीस यात्रेकरू बसले होते. चिंचेची आमटी वाढली, आणि पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. बाहेर पानवाला हसला, “और खाओ इनके हाथ का!” गुरुजी आले. “कालिंदी, तुझ्या भरवशावर माणसं पाठवली होती मी. आता कोणत्या तोंडानं पाठवू? कीर्तनाच्या उत्सवाचा महाप्रसादही तुला सांगणार होतो. राहू दे आता.”

दोष माझा होता, बोल तिला लागला. यात्रेकरू येईनासे झाले. तिनं मला कोपऱ्यात पालथं घातलं आणि खोली सोडायची तयारी सुरू केली.

तेव्हा मोहन आणि नीलकंठ आले. हे दोघे एकमेकांचे जोडीदार. एकाच घरात राहतात आणि लाकडी खेळणी रंगवून विकतात. त्यांच्याकडे दर सोमवारी एक मंडळी जमते. पार्लरवाली नंदा तिच्या मैत्रिणीबरोबर संसार करते, तीही त्यातली, आणि आमची कालिंदीही. कोणी गिऱ्हाईक एकमेकांकडे धाडायचं, कोणी हुन्नर शिकवायचं, असा त्यांचा नेम.

मोहननं मला सुलटं केलं, आत पाहिलं आणि ओरडला, “अगं बाई! ह्याला कल्हई कुठंय?”

कालिंदीनं वाकून आत पाहिलं. “मला वाटलं, माझ्याच हाताला काहीतरी...”

“हाताला काय धाड भरलीय? लोक म्हणाले आणि तू मानलंस होय?”

कल्हईवाला म्हातारा तर एका भांड्यासाठी भट्टी लावायला तयार होईना. “एक बर्तन के लिए कौन बैठे, भइया?” मग मंडळी घराघरांत फिरली. नंदानं पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांनाच गाठलं, “मावशी, तुमच्या माळ्यावरची पितळ काढा ना!” दुसऱ्या दिवशी मोहन-नीलकंठाच्या अंगणात चाळीस भांडी! भाता फुसफुसला, नवसागराची पूड पडून पांढरा धूर उठला, कथील वितळलं, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात माझं पोट चांदीसारखं उजळलं. कालिंदीनं लगेच आमटी चढवली. भांडी न्यायला आलेल्या बायका वाट्या पुढे करू लागल्या. “कालिंदीताई, अजून घाला!”

चार दिवसांत गुरुजींपर्यंत वार्ता गेली. ते आले, माझ्यात डोकावले आणि उभ्याउभ्याच वाटी तोंडाला लावली.

“जन्मभर पितळेत जेवलो मी,” ते म्हणाले, “आणि भांडं बघायचं सुचलं नाही. माणसालाच बोल लावला. महाप्रसाद तूच रांधायचास.”

“रांधते, गुरुजी,” ती म्हणाली. “पण वाढायला माझी मंडळी येणार.”

“येऊ देत. नीलकंठाला सांग, धोतर नीट नेस म्हणावं.”

त्या उत्सवात मोहन-नीलकंठानं पंगती वाढल्या. बुवांनी भर कीर्तनात रांधणारीला पुढे बोलावून बुक्का लावला. आणि दर वर्षी मला कल्हई होते, ती चाळीस भांड्यांसकट!

नंतर कालिंदीनं मला ठठेरी बाजारात नेलं. जुनं नाव ठोकून सपाट केलं. कारागिरानं पुढच्या शब्दाकडे बोट दाखवलं, तर घाईनं म्हणाली, “ते नको! ते राहू द्या.”

ते बघा, बुवांनी झांज उचलली. मित्रांनो, तुमच्या घरच्या भांड्यांची निगा राखा. आणि कुणाच्या हाताला नाव ठेवण्याआधी भांड्यात डोकावून बघा. आज पंगतीत आमटी गोड लागली, तर जिनं ती रांधली तिची आठवण ठेवा. नाव विसरलात तर माझ्या काठावर वाचा. तिथे लिहिलं आहे, ‘आईकडून कालिंदीला’.