चढावरची टिकटिक

आमच्या मास्तरांनी सायकल घेतली तवा सगळं गाव हसलं. हसनारच की! बसून बसून पोट सुटलेलं, आन् शाळा तीन कोसांवर, निंबर्ग्याला. निजामाचं राज गेलं, नव्या शाळा निघाल्या, त्यातली एक नोकरी यांना लागली.

"निंबर्ग्यातच बिऱ्हाड करा की," लोक म्हनायचे. लोकाला काय जातंय! माझ्या सासूबाई, गुरुबाई, आंधळ्या. पन या घरातली चूल, रांजन, गोठा, सगळं हाताच्या ओळखीचं. म्हशीची धारसुदिक काढायच्या. परक्या घरात नेऊन त्यांना काय कोपऱ्यात बसवून ठेवायचं? मी सांगून टाकलं, "मास्तर, घर हलायचं न्हाई. तुमीच हला."

मास्तर हलले, पन रोज उशिरा पोचायलेत. वाटंत ओढ्यापाशी चक्कर यायची, सायकल आडवी, मास्तर आडवे. हेडमास्तर श्रीपतराव म्हनले, "दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाईतर इथंच राहायला या."

आमचं घर चढावर. सायकल हातानं ढकलली की मागचं चाक टिकटिक करतंय, पायडल मारलं की गप. सासूबाई रोज सांच्याला उंबऱ्यावर बसून ऐकायच्या. टिकटिक आली की म्हनायच्या, "चंद्रम्मा, ढकलतच आनायलाय गं." आन् भिंतीवरनं हात फिरवीत बसायच्या. मला लई वाईट वाटायचं.

एक दिस मास्तर ओढ्यापाशी पडलेले, गावातल्या शिवय्यानं त्यांना बैलगाडीत घालून आनलं. वाटंत खायला दिलेली भाकर फडक्यात तशीच!

"खाल्लं कामून न्हाई?" मी भडकले.

"पूजा झाल्याबिगर कसं खाऊ?" मास्तर म्हनले. "हितं केली तर वाटंभर गळ्यातल्या लिंगावर घाम गळतो. म्हनून शाळंच्या विहिरीवर आंघोळ करतो, मग पूजा."

"तवर पानीबी न्हाई?"

"न्हाई."

मी कपाळाला हात लावला. पन माझ्याआधी सासूबाईच कडाडल्या. "आरं सिद्धलिंगप्पा, लिंग गळ्यात बांधलंय ते कामून? नांगर धरनाऱ्याच्या गळ्यातबी तेच हाय. त्याला घाम येत न्हाई व्हय? कामाच्या घामाचा इटाळ तुला कुन्या शान्यानं शिकवला?"

मास्तर उठले आन् आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवसापासनं पहाटं आंघोळ, पूजा, दह्यासंगं गरम भाकर, आन् मग सायकल. चक्कर पळाली, घंटेच्या आधी शाळा गाठायलेत. सुट्टीलाबी मी सोडलं न्हाई. "निघा, पाय इसरतील!" चढ मात्र लई चिवट. आधी करंजाच्या झाडापर्यंत बसून यायचे, मग मधल्या धोंड्यापर्यंत, फुडं टिकटिक. धोतराची गाठ आत सरकली, मास्तर आरशात बघायलेत. म्हनलं, नवरदेव झालाव काय!

दसऱ्याच्या आदल्या सांजंला सासूबाई उंबऱ्यावर, मी शेजारी.

"अजून आले न्हाईत," मी म्हनलं.

"गप," त्यांनी हात धरला. "खडी वाजायलीय. टिकटिक न्हाई."

मीबी कान दिला. करंज मागं पडलं, धोंडा मागं पडला. नुस्ती खडी, आन् मानसाचा श्वास. मग दारातच घंटी वाजली, ट्रिंग!

"श्रीपतराव म्हनले," मास्तर धापा टाकीत उतरले, "बिऱ्हाडाचं राहू द्या."

मी पानी आनायला उठले, तर सासूबाईंनी मला खाली बसवलं. भिंतीला हात लावीत त्या रांजनापाशी गेल्या आन् भरलेला तांब्या घेऊन आल्या. थेंबबी सांडला न्हाई.

"पी रे," त्या म्हनल्या. "घरचं हाय."