दोन बोटांची जागा

मी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बोलतोय. रूपरावांच्या ओसरीत, दारालगतच्या खुंटीवर मी लटकलेलो असतो. विळ्याने कापलेला आहे, त्यामुळे आता कोणाच्याच कामाचा नाही. तरी या घरातलं कोणी मला फेकत नाही, आणि मला हात लावायलाही कोणी धजत नाही.

माझा जन्म मला धड आठवत नाही. टोचणीची कळ आठवते आणि लाल रंगाचा उग्र वास. शुद्धीवर आलो तो जाम गावाच्या चौरस्त्यावर, मोतीलालच्या टपरीत. शेजारी ट्रकला बांधायचे गोंडे, बैलांच्या घुंगरमाळा, कासरे. माझ्या अंगावर पितळी टिकल्या होत्या आणि मधोमध एक घुंगरू. मी फार देखणा होतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण माझ्यासाठी दुसरं कोण सांगणार?

आणीबाणीतल्या संक्रांतीला रूपराव टपरीवर आले. काखेत कुत्र्याचं पिल्लू होतं. चौरस्त्यावर थांबलेल्या एका ट्रकवाल्याने ते ‘अस्सल विलायती’ म्हणून त्यांच्या गळ्यात मारलं होतं. पिल्लाची आई कशी, ते दूध सोडून खायला लागलंय का, रूपरावांनी काही म्हणता काही विचारलं नाही. बैल घेताना दात मोजणारा, चालवून बघणारा हा माणूस कुत्र्याच्या बाबतीत नुसत्या रुबाबावर भाळला.

मोतीलालने आधी एक रुंद, साधा पट्टा दाखवला. त्याला भोकं भरपूर होती. रूपरावांनी नाक मुरडलं आणि माझ्याकडे बोट केलं. मला पिल्लाच्या गळ्यात अडकवून मोतीलालने आत बोटं घालून पाहिली.

“दोन बोटं तरी जाऊ द्या, रूपरावजी. गळा काही पट्ट्याले विचारून वाढत नाई.”

“मोठा झाला का दुसरा घेऊ,” रूपराव म्हणाले.

पिल्लाचं नाव ढाण्या ठेवलं. रूपराव वाईट नव्हते हो. त्याला दूधभाकर घालत, बाजाराच्या दिवशी बैलबंडीत पुढे बसवून मिरवत. लोक थांबून बघायचे. रूपराव मिशीला पीळ द्यायचे आणि मी मुद्दाम घुंगरू वाजवायचो. फक्त ढाण्याच्या गळ्यावरून हात फिरवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कुत्र्याला काय कुरवाळायचं, अशीच त्या घराची रीत होती.

तो गळा माझ्या आत वाढत गेला. आधी दोन बोटांची जागा होती, मग एका बोटाची, मग केसही सरकेना. माझं बक्कल गंजलं होतं. उन्हाळ्यात चामडं वाळून आकसलं. मी स्वतःला ताणायची शिकस्त केली, पण मला कुठे हात आहेत? वरून दाट केस आले आणि मी दिसेनासा झालो. नुसतं घुंगरू तेवढं बाहेर राहिलं.

मग पुढल्या वर्षी चैत्रातल्या दुपारी तो आवाज सुरू झाला.

घरामागे एक पडकी विहीर आहे. तिच्या काठाशी गारव्याला ढाण्या पडून राहायचा. सगळं गाव दारं लावून आत असायचं. अशा वेळी त्याचा श्वास माझ्यातून ओढला जाई, सावकाश, घरघरत, कोणी खोलातून जड ओझं वर काढावं तसा. विहीर तो आवाज घुमवून परत द्यायची. शेवटी घुंगरू एकदाच वाजायचं. कधीकधी मलाही कळेनासं व्हायचं, की यातला श्वास ढाण्याचा कोणता आणि विहिरीचा कोणता.

शेजारचे नत्थूजी एका दुपारी कान देऊन बसले. हळूच म्हणाले, “विहिरीत कोणीतरी श्वास घेऊन राह्यलं.”

झालं, बायांनी मागल्या अंगणात जाणं सोडलं. रूपरावांची बायको लीलाबाई धुणंसुद्धा पुढल्या दारी वाळत घालू लागली. ढाण्याचं भुंकणं तर केव्हाच बंद झालं होतं. त्याला ते दिसतं म्हणून तो गप्प असतो, असं लोक म्हणाले. त्याला काही बाधू नये म्हणून नत्थूजींनी मंतरलेला काळा दोरा आणला. दोरा बांधताना त्यांची बोटं माझ्यापासून केसभर अंतरावर होती. तेवढ्यात घुंगरू हललं. नत्थूजी दचकले, त्यांनी घाईघाईने गाठ मारली आणि ते मागे सरले. आता आम्ही दोघं मिळून आवळत होतो.

पोळ्याची आदली सांज आली. त्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात. लीलाबाई बैलांचे खांदे पळसाच्या पानाने चोळत म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

बैलांच्या ओळीच्या टोकाला ढाण्या येऊन बसला होता, आता आपली पाळी असल्यासारखा. लीलाबाईला हसू आलं. हाताला उरलेलं लोणी पुसायला तिने त्याच्या गळ्याला हात लावला. बोटं कातडी शोधत आत गेली आणि मला लागली. मी मांसात रुतलेला होतो. तिने हात नाकाशी नेला. तेवढ्यात तिच्या तळहाताखालून तोच श्वास ओढला गेला.

“अवो, इकडं या,” ती म्हणाली. “विहिरीत कोणी नाई.”

रूपराव कंदील घेऊन आले आणि त्यांनी केस बाजूला सारून पाहिलं. विळ्याने त्यांनीच मला कापलं. लीलाबाईने जखमेत हळद भरली. उजाडताच हिंगणघाटहून जनावरांचा डॉक्टर आणायचं ठरलं. ढाण्याचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याला म्हणाली, “तूयबी आवतन घे रे. उद्या जेवाले येजो.”

उजाडायच्या आत ढाण्या गेला. मला फार वाईट वाटलं. त्याच्या इतक्या जवळ दुसरं कोणीच नव्हतं.

संध्याकाळी पोळा फुटला. तोरणाखालून सुटलेले बैल दारात आले, त्यांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. मी या खुंटीवर होतो. वारा नव्हता, माझं घुंगरू हललं नाही. तरी उंबऱ्यापाशी तो श्वास आला, सावकाश, घरघरत. बैलांनी कान तिकडे वळवले.

“आवतन देलं होतं,” रूपराव म्हणाले. “ताट वाढ.”

त्यांनी स्वतः ताट उंबऱ्याशी ठेवलं. ताटाला कोणी तोंड लावलं नाही, पण श्वास थांबला.

याला दहा-बारा वर्षं झाली. आता घरात दुसरं कुत्रं आहे. त्याची आई पाहून, ते खातंपितं झाल्यावर गावातूनच आणलेलं. त्याला लसीची सुई टोचून आणतात. त्याच्या गळ्यात मोतीलालकडचा तो साधा, रुंद पट्टा आहे आणि रूपराव दर बाजाराला त्यात दोन बोटं घालून बघतात. खांदशेकणीला पहिलं लोणी त्याच्या गळ्याला. पोळ्याला उंबऱ्याशी एक ताट अजून वाढतात.

तुमच्याही घरी कुत्रं-मांजर असेल, तर आज त्याच्या गळ्यावरून हात फिरवा. पट्टा घ्याल तेव्हा माझ्यासारखा देखणा घेऊ नका, मोकळा घ्या. एवढंच मागणं आहे.

आणि मला या खुंटीवरून काढू नका. मी कापलेला आहे, पण चामड्याचा वेढा अजून तसाच गोल आहे. दुपारी सामसूम झाली की तो आतून भरत जातो. खोटं वाटत असेल तर माझ्यात दोन बोटं घालून बघा. जात नाहीत.