तिसरी रेघ

“तिघींचं काम तुम्ही एकट्याच करू शकता, मिस डॉरेट,” ओनील म्हणाला. “आधी वरचा सूर गा, मग मधला, मग खालचा. मी कॉम्प्युटरवर एकावर एक बसवतो. त्या बाहेरच्या बाईंना कशाला ताटकळत ठेवायचं?”

बाहेरची बाई म्हणजे आयसिल्डा. चिंचेखालच्या बाकावर ती सकाळपासून बसली होती, चर्चला जायचा निळा झगा घालून आणि गळ्याला रुमाल बांधून. रुमालाखाली गाठ होती. सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं काही सांगता येत नाही. आणि हा गुरुवार होता. ओनीलला यातलं अक्षरही सांगायचं नाही असं तिने मला बसमध्ये दहा वेळा बजावलं होतं. आजारी गळ्याला माइकसमोर कोण उभं करतं?

“ती बाहेरची बाई नाही,” मी म्हणाले. “तू दुपट्यात होतास तेव्हा ती याच खोलीत गात होती. लिनव्हल आज असता तर कान उपटले असते तुझे.”

लिनव्हल म्हणजे ओनीलचा बाप. हा स्टुडिओ त्याचा. किंग्स्टनमधल्या निम्म्या गायकांच्या मागे ऊ आणि आ करणाऱ्या तीन बायका त्याने इथे तीस वर्षं उभ्या केल्या, मी, पॅन्सी आणि आयसिल्डा. तीस वर्षांत आम्ही गायलेले शब्द एका पोस्टकार्डावर मावतील, बाकी सगळं ऊ आणि आ. एरवी मी शाळेचे गणवेश शिवायची, आयसिल्डा शाळेत पोरांचं जेवण रांधायची. पॅन्सी पुढे बर्मिंगहॅमला गेली, नाताळात तिचं कार्ड येतं.

तेव्हा टेपवर जागा थोडी. ड्रम, बास, गिटार आणि मुख्य गायक यांच्यातून उरलेल्या एका कोपऱ्यात आम्हा तिघींना एकच माइक. आयसिल्डाचा आवाज इतका जड की लिनव्हल तिला पार मागे, दाराशी उभं करायचा. एक चुकली की तिघींनी परत गायचं. आणि एकदा टेपवर गेलं की आमच्यातली एक वेगळी काढणं त्या लिनव्हललाही जमलं नसतं. त्यामुळे आयसिल्डाचा एकटीचा आवाज कधी कुणी ऐकला नाही. तिनेही नाही.

“एकदा कुठेतरी राहू दे गं माझा आवाज,” ती बसमध्ये म्हणाली होती. “मेल्यावर कुणी ऐकावा म्हणून नाही. मलाच ऐकायचाय.”

मी तिला शब्द दिला होता. म्हणून ओनीलपुढे अडून बसले. ती नाही तर मीही नाही, म्हटलं.

ओनीलने कपाळाला हात लावला. पोरगा वाईट नाही. बापाच्या माघारी त्याने स्टुडिओ जिवंत ठेवला, ड्रमवाल्याच्या आणि बासवाल्याच्या जागी एक कीबोर्ड आणि एक कॉम्प्युटर मांडून का होईना. आमचा ड्रमवाला आता स्पॅनिश टाउनची मिनीबस चालवतो आणि स्टिअरिंगवर ताल धरतो म्हणून उतारूंच्या शिव्या खातो.

“बरं. एकदाच हं,” ओनील म्हणाला. “बोलवा त्यांना.”

मी माझे दोन सूर गाऊन घेतले आणि आयसिल्डाला आत आणलं. ती सवयीने थेट दाराशी जाऊन उभी राहिली.

“पुढे या, मिस आयसिल्डा. माइकजवळ.”

“मी? अरे, तुझी काच फुटेल.”

“फुटू दे. या.”

ती दबकत पुढे आली. गाण्याचा कोरस साधाच होता, नदी उतरली, आता घरी ये, इतकंच. तिने डोळे मिटून गायलं. वरच्या स्वरांना नाही, पण खाली उतरताना आवाज थोडा खरखरला. एका जागी श्वास पुरला नाही, तो तिने मध्येच ओढून घेतला. मी काचेपलीकडून बघत होते. तीस वर्षं ती माझ्या पाठीमागे गायली, गाताना तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

ओनीलने तिला खुर्चीत बसवून पडद्यावरच्या तीन हिरव्या रेघा दाखवल्या. वरच्या दोन माझ्या. त्या त्याने बंद केल्या, बाजा बंद केला आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

ती ऐकत राहिली. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळली.

“ही मी?”

“तूच.”

“इतकी म्हातारी?” ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “परत लाव रे बाबा.”

त्याने तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तिने पडद्यावरच्या तिसऱ्या रेघेवरून बोट फिरवलं, तव्यावरची भाकरी चाचपावी तसं, हळूच.

“हात नका लावू, मिस आयसिल्डा, डाग पडतात,” ओनील म्हणाला, पण हसून.

घरी जाताना ती खिडकीशी बसून तोच कोरस गुणगुणत होती. मला वाटलं, झालं, दिलेला शब्द पाळला.

शुक्रवारी दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. ओनीलचा होता. लगेच या, म्हणाला.

“खालचा सूर पुन्हा घ्यावा लागेल,” मी पोचताच त्याने सांगितलं. “त्यांच्या आवाजात खरखर आहे. मधला तो श्वास बघा, केवढा वर येतो. पपांच्या टेपवर हे सगळं एकमेकांत मुरून गेलं असतं, इथे उघडं पडतं. तुम्ही गाता का? नाहीतर पोर्टमोरच्या एका मुलीला बोलावतो.”

“आणि तिची रेघ?”

“बंद करतो नुसती. आहे तिथेच राहील.”

तेव्हा मी गाठीचं आणि सोमवारचं त्याला सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही. पण आयसिल्डाने बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या पोर्टमोरच्या मुलीचं नाव निघाल्यावर माझं पित्त खवळलं होतं. मी माइकसमोर उभी राहिले.

आयसिल्डाचा सूर मला शिकावा लागला नाही. तो तीस वर्षं माझ्या मानेवर आदळत आलाय. ती कुठे ओढते, कुठे शब्दाचं शेपूट गिळते, कुठे श्वास लपवते, सगळं मी जसंच्या तसं केलं. ओनील खुर्चीतून उठून उभा राहिला.

“मिस डॉरेट, काय गळा आहे हो तुमचा!”

मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं. तीन दिवसांनी माझ्या मैत्रिणीच्या गळ्यावर सुरी चालायची होती, आणि मी स्वतःचं कौतुक ऐकून तिथे उभी राहून लाजत होते. तिला काही सांगितलं नाही. ऑपरेशनच्या आधी कशाला, म्हटलं. आणि ऑपरेशननंतर तर सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

गाठ निघाली. जखम छान भरली. आवाज मात्र गेला. डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्यांनी आधीच सांगितलं होतं. आता ती बोलली की वाऱ्याने पडदा हलल्याएवढंच ऐकू येतं. चर्चमध्ये ती पुस्तक उघडून उभी राहते आणि ओठ हलवते.

सहा आठवड्यांनी गाणं बाजारात आलं. तिची भाची मार्व्हा तबकडी घेऊन आली आणि रविवारी दुपारी सगळं आवार आयसिल्डाच्या पायरीशी जमलं. राजमा घातलेला भात, कोंबडीचा रस्सा, सगळं जेवण झालेलं. तबकडी फिरायला लागली तसं मी माझ्या चपलांकडे बघत बसले.

कोरस आला. आयसिल्डाने मान एका बाजूला कलती केली. दुसऱ्यांदा कोरस आला तेव्हा तिने हातातला पेला खाली ठेवला.

“यात तू कुठली गं?” मास युस्टेसने विचारलं. तिचा शेजारी, कान थोडे अधू, आवाज मात्र दणदणीत.

“सगळ्यात खालची,” ती कुजबुजली.

“काय म्हणाली?”

“सगळ्यात खालची आहे ती,” मार्व्हाने ओरडून सांगितलं.

“खरं का, डॉरेट?”

आयसिल्डाने माझ्याकडे पाहिलं नाही.

“हो,” मी म्हणाले. “तीच ती.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास युस्टेस म्हणाला, असा आवाज देवाने एकदाच घडवला आणि साचा फोडून टाकला. आयसिल्डाने मान लववून सगळ्यांचे आभार मानले.

संध्याकाळी नळावर ताटं धुताना आम्ही दोघीच होतो. पाणी बंद करून ती माझ्या कानाशी आली, कारण त्याशिवाय तिचं बोलणं पोचत नाही.

“कधी काढलं त्याने मला?”

खोटं बोलता आलं असतं. पण बोलले नाही.

“दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी.”

“तू गायलीस.”

“हो.”

तिने एक ताट पुसलं, उपडं घातलं, दुसरं घेतलं.

“वाटलंच मला. माझी खोड दुसऱ्या कुणाला माहीत असणार?”

“आयसिल्डा, शिव्या दे मला. थोबाडीत मार.”

“कशाने देऊ शिव्या?” ती म्हणाली, आणि मला तिथेच रडू फुटलं.

“ऐक,” मी तिचे ओले हात धरले. “तुझं गाणं आहे अजून. त्याने नुसतं बंद करून ठेवलंय. बुधवारी जाऊन मी कॅसेटवर भरून आणते.”

तिने माझं मनगट घट्ट धरलं. “फक्त माझं?”

“फक्त तुझं.”

“ड्रम नको. बाजा नको. तूसुद्धा नको हं,” ती म्हणाली, आणि आवाज न करता पोट धरून हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसली.

बुधवारी मी कोरी कॅसेट घेऊन ओनीलकडे गेले. त्याने गाणं उघडलं. पडद्यावर रेघा आल्या, मी तीन मोजल्या, पण तिन्ही माझ्याच होत्या. त्याने इथे पाहिलं, तिथे पाहिलं, खणातल्या डिस्का काढल्या. मग खुर्चीत मागे टेकला.

“पुसली गेली, मिस डॉरेट. यात जागा फार थोडी असते. जे वापरलं ते ठेवतो, बाकीचं महिन्याअखेरीस साफ करतो.”

“खाली काहीतरी राहिलं असेल. तुझ्या बापाच्या टेपवर राहायचं. पुसून नवं गाणं भरलं तरी कान लावला की जुनं बारीक ऐकू यायचं.”

“ते टेपवर. इथे पुसलं की काहीच राहत नाही.”

मग मी त्याला सांगितलं. गाठीचं, सोमवारचं, आता ती कशी बोलते ते.

“मला आधी का नाही सांगितलंत?” तो खुर्चीतून उठला. “मी काहीही झालं तरी ठेवलं असतं. एवढंसं तर होतं ते.”

तिने बजावलं होतं, हे खरं. शुक्रवारी त्याच्यासमोर उभी असताना मला माझ्या गळ्याचं कौतुक ऐकायचं होतं, हेही खरं. कॅसेट पर्समध्ये टाकून मी बसला उभी राहिले. दोन बस सोडून दिल्या. तिसरीत चढले.

तिच्या आवारात शिरले तर सगळं चिडीचूप. पायरीजवळ स्टुलावर मार्व्हाचा टेपरेकॉर्डर ठेवलेला, खाली इस्त्री केलेलं कापड. शेजारी दोन खुर्च्या. आयसिल्डा निळ्या झग्यात उभी होती. आंब्याखाली मास युस्टेस आणि त्याचे तीन सोबती डॉमिनोच्या टेबलाशी ठोकळे हातात धरून गप्प बसले होते. रोज या वेळी त्यांच्या ठोकळ्यांची आदळआपट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. समोरच्या घरातला रेडिओही बंद होता. तिने घरोघर फिरून सगळ्यांना सांगितलं असणार, आज थोडा वेळ शांत राहा.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

“नाही गं,” मी म्हणाले. “पुसलं त्याने.”

टेपरेकॉर्डरखालचं कापड एका कोपऱ्यात दुमडलं होतं, ते तिने सरळ केलं. मग मास युस्टेसकडे वळून, खेळा आता, असा हात केला.

त्याने पहिला ठोकळा हळूच ठेवला. तिने मान हलवली, पुन्हा हात केला. मग त्याने दुसरा जोरात आपटला.