कुरवाच्या पायातलं कडं

प्रभाकरने ट्रायपॉडचा तिसरा पाय खाडीकाठच्या चिखलात रोवला आणि तेवढ्यात सगळे कुरव, म्हणजे हिवाळ्यात येणारे सीगल, एकदम उठून केसरीनाथच्या डोक्यावर गेले. केसरीनाथने जवळ्याची पिशवी नुसती झटकली होती.

"मास्तर, इकरं या! इथून बेस दिसतात."

प्रभाकरने हसल्यासारखं केलं, पण जागचा हलला नाही. भिवंडीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून तो निवृत्त झाला, आणि तेव्हापासून गेले नऊ हिवाळे दर रविवारी दुर्बीण घेऊन काल्हेरला येत होता. पक्ष्यांना खायला घालायचं नाही, आवाज करायचा नाही, लांबूनच पाहायचं, असे त्याचे नियम. केसरीनाथला कसले नियम? बापजाद्यांच्या जमिनीवर गोदामं उठली, मासेमारी सुटली, सकाळ रिकामी पडली, म्हणून हा गृहस्थ कठड्यावर बसून सुका जवळा उधळायचा. आणि कुरव मेले थेट त्याच्या हातातून खायचे! प्रभाकरच्या पोटात दुखायचं. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही हे त्याला कळत होतं, तरी दुखायचं.

"आरं, एकाच्या पायात काय तरी हाय," केसरीनाथ ओरडला. "पिवला कडा हाय. वर अक्षरा बी दिसतान!"

प्रभाकरच्या हातून दुर्बिणीचं झाकण पडलं. कुठले कुठले अभ्यासक पक्ष्याच्या पायात असं कडं घालतात. त्यावरची अक्षरं वाचून कळवली, की पक्षी कुठून आला ते समजतं आणि कळवणाऱ्याचं नाव त्याच्या नोंदीत लागतं. नऊ हिवाळे प्रभाकर हजारो पाय न्याहाळत होता. आणि दिसलं कुणाला? ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! त्याने घाईघाईने दुर्बीण वळवली, पण तोवर पक्षी पाण्यावर जाऊन बसला होता.

"काय असंल वो ते?"

प्रभाकर खाली वाकला. झाकणाचा चिखल रुमालाने पुसत राहिला.

"काही नाही, केसरीनाथशेठ. प्लास्टिक असेल. बाटलीचं वगैरे. अडकतं असं."

"मंग पाय कापंल ना त्याचा?"

"कापेलही," प्रभाकर म्हणाला.

पुढच्या रविवारी तो उजाडताच रिक्षा करून निघाला. केसरीनाथच्या आधी पोचायचं, कडं वाचायचं आणि घरी येऊन गुपचूप नोंद पाठवायची.

केसरीनाथ त्याच्याही आधी आला होता. त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. कठड्यावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, निथळत पडलं होतं.

"तुमचीच वाट बगतो, मास्तर! आठ दिस त्याचा पाय डोल्यासमोरून जाईना. आज जवला टाकला न् मारला पाग. चावला मना, पन काढला एकदाचा."

त्याने मूठ उघडली. तळहातावर पिवळ्या कड्याचे दोन तुकडे होते. अंगठ्यावर रक्त सुकलं होतं.

"तुमी सांगितलात म्हनून बरा झाला. नायतर माज्या काय ध्यानात येनार?"

अक्षरं इतकी स्पष्ट होती, की दुर्बिणीची गरजच नव्हती. वाचून कळवली असती तर प्रभाकरचं नाव अजूनही लागलं असतं. समोर चिखलात शेदोनशे कुरव होते. त्यातला तो कुठला, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"आनि तिकरं आनखी एक हाय. लाल कडा. जरा जवल येऊंदे, त्याचा बी काढतो." केसरीनाथने पाग उचलून खांद्यावर घेतला.

"नको!"

प्रभाकर एवढ्या मोठ्याने ओरडला, की काठावरचे सगळे कुरव उडाले.

"का वो?"

"ते प्लास्टिक अडकलेलं नव्हतं. मुद्दाम घातलेलं असतं, पक्षी ओळखू यावा म्हणून. मला ठाऊक होतं."

केसरीनाथने पाग हळूच खाली ठेवला.

"मंग खोटा का सांगितलात?"

प्रभाकरला दहा कारणं देता आली असती.

"तुम्हाला आधी दिसलं म्हणून," तो म्हणाला.

केसरीनाथने कड्याचे दोन्ही तुकडे प्रभाकरच्या हातावर ठेवले आणि अंगठ्यावरचं सुकलेलं रक्त विजारीला पुसलं.